पहिलंच बरं होतं

माझी मुलगी एका पंक बँडमध्ये गाते. आमच्या सोसायटीत हे मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंना ‘पंख’ ऐकू आलं. ‘‘किती छान नाव!’’ त्या म्हणाल्या. मी दुरुस्त केलं नाही. बँडचं खरं नाव त्यांना सांगण्यासारखं नव्हतं आणि इथे लिहिण्यासारखंही नाही.

चौघं जण आहेत, दोन मुली आणि दोन मुलगे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पहिला अल्बम काढला. एका मित्राच्या गॅरेजमध्ये भिंतींना जुन्या गाद्या टेकवून रेकॉर्ड केलेली ८ गाणी, सगळी मिळून १८ मिनिटं. त्यातलं एक गाणं पुण्यातल्या कॉलेजच्या मुलांमध्ये बरंच फिरलं. मुलींच्या होस्टेलचं गेट रात्री ९ वाजता बंद होतं आणि मुलांचं होत नाही, एवढाच त्याचा विषय. शेवटी तर शब्दही नाहीत, नुसतं गेट वाजवणं. मला संगीतातलं फार कळत नाही, पण ते गाणं मला पटलं. अशाच एका गेटच्या आत मीही ४ वर्षं काढली आहेत.

गेल्या पावसाळ्यात दुसरा अल्बम आला आणि घरात सुतक असल्यासारखं वातावरण झालं.

या वेळी त्यांनी पैसे साठवून खऱ्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं होतं. गाणी थोडी लांब होती, एका गाण्यात तर हार्मोनियम होती. जुने चाहते चिडले. ‘सॉफ्ट झालात’, ‘आता लग्नात वाजवा’ असे मेसेज आले. एकाने लिहिलं की हा पंक नाही, भावगीत आहे. एका परीक्षणात स्टुडिओचं कौतुक होतं आणि गाण्यांबद्दल जेमतेम दोन ओळी. कार्यक्रमात नवीन गाणं सुरू झालं की मागून पोरं ‘गेट! गेट!’ असं ओरडायची. घरी आल्यावर लेक बूट न काढताच पलंगावर पडायची.

पण तिला खरं लागलं होतं ते माझं बोलणं. अल्बम बाहेर पडण्याआधी तिने मला एक गाणं ऐकवलं होतं. तेच हार्मोनियमचं. ते माझ्या वडिलांवर होतं. नाना तेव्हा आमच्याकडेच होते, आतल्या खोलीत. शेवटच्या दीड वर्षात त्यांची स्मृती गेली होती. सकाळी मी सात खणांची गोळ्यांची डबी उघडली की ते विचारायचे, ‘‘आज वार कोणता?’’ मी सांगायची. पाच मिनिटांनी परत, ‘‘आज वार कोणता?’’ तिने त्याच प्रश्नाचं गाणं केलं होतं. कडवं एका वाराचं, मग पुन्हा तोच प्रश्न, दर वेळी ड्रम जरा जास्त जोरात.

मी ते अर्धवट ऐकलं आणि म्हटलं, ‘‘तुमचं पहिलंच बरं होतं गं.’’ आणि कुकर लावायला निघून गेले. कुकर लावायची वेळ झाली नव्हती.

दिवाळीनंतर आठवड्याने नाना गेले. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, लग्न होऊन काशीला गेली ती तिथलीच झाली. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव आदराने घेतात ते ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर अशाच घरातले. आत्याचं सासरही तसंच. गुडघ्यांमुळे तिला पुण्याला येता आलं नव्हतं, भावाला तिने चार वर्षं पाहिलं नव्हतं. फोनवर एवढंच म्हणाली, ‘‘दादाला इकडे घेऊन ये.’’ म्हणून जानेवारीत मी आणि लेक अस्थी घेऊन ज्ञानगंगा एक्स्प्रेसने निघालो.

एका दिवसाहून जास्त प्रवास. दोघीच, समोरासमोर खिडकीच्या सीटवर. पहिले काही तास आम्ही चिवडा, चहा आणि चार्जर याव्यतिरिक्त काही बोललो नाही. मनमाड गेल्यावर मीच विचारलं, ‘‘सगळ्यांच्याच दुसऱ्या अल्बमला असं बोलतात का गं?’’

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग मांडी घालून बसली आणि रात्री दिवे बंद होईपर्यंत बोलत होती. आपलं मूल इतकं शहाणं झालंय हे कळायला कधी कधी रेल्वेचा डबाच लागतो.

तिच्या सांगण्यातलं मला समजलं तेवढं सांगते. पुढे यातलं बरंच मी स्वतः वाचून, ऐकूनही पाहिलं. पंक म्हणजे १९७६-७७ च्या सुमाराचं न्यूयॉर्क आणि लंडन. हाताला काम नसलेली, गाण्याचं शिक्षण नसलेली पोरं. तीन कॉर्ड येतात ना, मग लाव गिटार. न्यूयॉर्कच्या ‘रमोन्स’ या बँडच्या १९७६ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी आहेत आणि सगळी साधारण २९ मिनिटांत संपतात. लंडनच्या ‘द क्लॅश’ने १९७७ मधला पहिला अल्बम तीन शनिवार-रविवारांत उरकला. ‘शिकलेले नाही आहोत’ हीच ज्यांची ओळख, त्यांनी दुसऱ्या वेळी काय करायचं? एव्हाना वाजवायला तर शिकलेले असतात. चांगलं वाजवलं तर लोक म्हणतात, विकले गेले. तसंच वाजवलं तर म्हणतात, यांच्याकडे एवढंच होतं.

तिने तीन उदाहरणं दिली. रमोन्सनी काही बदललं नाही. दुसरा अल्बम ‘लीव्ह होम’ जानेवारी १९७७ मध्ये आला, वर्षही उलटलं नव्हतं. तेच जॅकेट, तीच घाई. आज चाहते त्याला जीव लावतात, पण तेव्हा अमेरिकेच्या यादीत पहिला १११ व्या क्रमांकावर गेला होता आणि हा १४८ वर अडकला.

‘द डॅम्ड’ यांची गोष्ट मला जास्त भावली, कारण तीत फजिती आहे. इंग्लंडमध्ये पंकचं पहिलं गाणं आणि पहिला अल्बम दोन्ही यांचेच. त्यांना दुसरा अल्बम वेगळा करायचा होता, म्हणून त्यांनी पिंक फ्लॉइडच्या सिड बॅरेटला बोलवायचं ठरवलं. पिंक फ्लॉइड हे नाव तुम्ही मुलांच्या टी-शर्टवर पाहिलं असेल. तसल्याच एका टी-शर्टवर सेक्स पिस्टल्सच्या जॉनी रॉटनने ‘आय हेट’ असं वर लिहून तो मिरवला होता. म्हणजे पंकवाल्यांच्या दृष्टीने हे घराणंच वर्ज्य! त्यात बॅरेट तोवर संगीत सोडून घरात बसलेला. तो काही आला नाही. त्याच पिंक फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन आला. नोव्हेंबर १९७७ मध्ये ‘म्युझिक फॉर प्लेझर’ निघाला. त्यात एका जॅझवाल्याचं सॅक्सोफोनही होतं. समीक्षकांनी झोडपला, श्रोत्यांनी घेतला नाही, यादीत कुठेही आला नाही. कंपनीने बँडला सोडलं, ड्रमर गेला, आणि काही महिन्यांत बँडच मोडला. पहिल्या अल्बमपासून एक वर्ष.

‘‘मग?’’ मी विचारलं. मला सिरियलसारखी उत्सुकता लागली होती.

‘‘मग परत जमले. मुख्य गिटारवाला नव्हता, तर बेस वाजवणाऱ्याने गिटार घेतली. १९७९ मध्ये तिसरा अल्बम काढला आणि तो लोकांना आवडला.’’

तिसरं उदाहरण क्लॅशचं, आणि ते सांगताना ती पुढे सरकून बसली. हे तिचे लाडके. यांनी सीबीएस या बड्या कंपनीशी करार केला तेव्हाच एका पंक मासिकाच्या संपादकाने पंक मेला असं जाहीर केलं होतं. तेव्हा पहिला अल्बमसुद्धा आला नव्हता. दुसऱ्यासाठी कंपनीने अमेरिकेतून सँडी पर्लमन नावाचा निर्माता आणला, मोठ्या हॉलमध्ये वाजणाऱ्या रॉक बँडचा. त्याने रगडून, घासूनपुसून, लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को असं करत अल्बम पूर्ण केला. १० नोव्हेंबर १९७८ ला ‘गिव्ह ’एम इनफ रोप’ आला. इंग्लंडच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकापर्यंत. म्हणजे लोकांनी घेतला. पण समीक्षकांत दोन तट पडले. अमेरिकेत रोलिंग स्टोनमध्ये ग्रील मार्कस यांनी भरभरून लिहिलं. लंडनमध्ये मेलडी मेकरचे जॉन सॅव्हेज नाराज झाले. गंमत अशी की अमेरिकेतल्या कंपनीने पहिला अल्बम रेडिओला चालणार नाही म्हणून तोवर काढलाच नव्हता. तिथल्या पुष्कळ जणांसाठी हाच पहिला होता. ‘पहिलं बरं होतं’ म्हणायला त्यांच्याकडे पहिलं नव्हतंच!

‘‘आणि एक तक्रार अजून आहे,’’ लेक म्हणाली. ‘‘पर्लमनला जो स्ट्रमरचा आवाज आवडायचा नाही म्हणे. म्हणून त्याने ड्रम वर घेतले आणि गाणारा खाली दाबला. खरंखोटं माहीत नाही. पण ऐकताना शब्द शोधावे लागतात हे खरं.’’

मी त्या रात्री तिच्या इअरफोनवर त्यातलं एक गाणं ऐकलं. लहानपणचा मित्र तुरुंगात जाऊन येतो, त्याला उद्देशून गिटारवाल्या मिक जोन्सने गायलेलं. रागावलेल्या, दंगेखोर बँडने मित्राच्या काळजीने गायलेलं गाणं. तेव्हाही कोणी तरी म्हणालं असेल, हा पंक आहे का?

आमच्या घरात हे वाक्य नवीन नव्हतं. नानांनी तरुणपणी ‘कोसला’ वाचली होती आणि ती त्यांना इतकी चढली की काही दिवस त्यांनी घरात पांडुरंग सांगवीकरसारखंच बोलून आजीला हैराण केलं. नेमाड्यांची ‘बिढार’ आली ती १२ वर्षांनी, १९७५ मध्ये. नानांनी विकत आणली, त्यात पांडुरंग नाही, चांगदेव आहे, हे पाहिलं आणि पन्नासेक पानांवर खूण घालून ठेवून दिली. ‘‘पहिलं ते पहिलं,’’ ते म्हणायचे. ती खूण मी परवा कपाट आवरताना पाहिली. बसचं तिकीट आहे.

काशीला पोचलो तेव्हा धुकं इतकं होतं की गंगा दिसलीच नाही, नुसता ओलसर गारवा आला. आत्याचं घर घाटाच्या मागच्या गल्लीत. घाटावर पाटी आहे ती राजा घाट अशी; आत्याकडचे जुने लोक मात्र अमृतराव घाटच म्हणतात. नारद घाट आणि पांडे घाट यांच्या मध्ये, दशाश्वमेधच्या गर्दीपासून दहा-पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरावर. उंच दगडी पायऱ्या. सकाळी तिथे धोतर वाळत घातलेली असतात आणि शाळेत जाणारी पोरं आडव्या उड्या मारत उतरतात.

गुरुजींनी होडीतून अस्थिविसर्जन केलं. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं उचललेलं, आंघोळ घातलेलं, जेवू घातलेलं माणूस, आणि पाण्यावर दोन मिनिटं. मी रडले नाही. लेक रडली.

परत आल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. आत्यासाठी प्लास्टिकची खुर्ची वरच्या पायरीवर मांडली होती, तिच्या मांडीवर शाल. तिने लेकीला घाटाची गोष्ट सांगितली. अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र. १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकर जिंकले, दुसरे बाजीराव पळाले, आणि काही महिने पुण्याचा कारभार अमृतरावांच्या हाती आला. टिकला नाही. १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून वर्षाला ७ लाखांच्या नेमणुकीवर ते उत्तरेकडे आले. पुण्याच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला फारसं कौतुक नाही. इथे त्यांनी हा घाट दगडात बांधून काढला, दानधर्म केला आणि १८२४ मध्ये काशीतच वारले.

‘‘म्हणजे हा घाट यांचा सेकंड अल्बम,’’ लेक म्हणाली.

आत्याला ते कळलं नाही. तिला कळावं म्हणून लेक सगळं पुन्हा सांगायला लागली. क्लॅश, डॅम्ड, सगळं. आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. जो स्ट्रमरच्या वडिलांचा जन्म लखनौचा, एवढंच तिला भावलं. ‘‘लखनौ का? मग इथलाच की!’’ मग तिने विचारलं, ‘‘आणि तुझं गाणं कुठलं? दादावर केलंयस ते?’’

मी चमकले. तिला कोणी सांगितलं? लेकीने माझ्याकडे न बघता सांगितलं की तिनेच महिन्यापूर्वी फोनवर सांगितलं होतं. ऐकवलं नव्हतं, ‘‘कारण आईला आवडलं नव्हतं.’’

आत्याने माझ्याकडे पाहिलं. काही म्हणाली नाही. आत्यांना तेवढंच पुरतं.

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. मी म्हटलं, ‘‘मी ते पूर्ण ऐकलंच नाही. तू लावलंस तेव्हा आतून नाना तेच विचारत होते. तुझ्या फोनमधून आणि आतल्या खोलीतून, दोन्हीकडून एकदमच. मला सहन झालं नाही म्हणून मी पहिल्याचं कौतुक केलं.’’

लेक बराच वेळ पाण्याकडे बघत होती. ‘‘मग तसं सांगायचं ना,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटलं गाणं वाईट आहे. मी तुझ्यामुळे ते कार्यक्रमात वाजवायचं बंद केलं.’’

हे मला माहीत नव्हतं. अनोळखी पोरं ‘गेट! गेट!’ ओरडत होती तेव्हा ती वाजवत राहिली होती. गाणं यादीतून काढलं गेलं ते माझ्या एका वाक्याने. त्या परीक्षण लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात किती बोलले होते! त्याने निदान दोन ओळी लिहिण्याआधी अल्बम संपेपर्यंत ऐकला असेल.

आत्याच्या कानात इअरफोन बसेनात, म्हणून लेकीने फोनचा स्पीकर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. आत्याने तो कानाशी धरला, फोनवर बोलताना धरतात तसा. हार्मोनियम सुरू झाली. सोमवार झाला, मंगळवार झाला. खाली एक नावाडी मान वर करून बघायला लागला, कारण बुधवारपासून ड्रम चांगलेच वाजतात. आत्याचा चेहरा हलत नव्हता. मी या वेळी उठले नाही. शेवटी रविवारच्या कडव्यात प्रश्न विचारणारं कोणी नसतं, नुसती डबी उघडण्याचा आवाज असतो, हे मला तेव्हा कळलं. टक्‌. एवढाच. सात खणांच्या डबीचा. ती आमच्याच डबीचा आवाज रेकॉर्ड करून घेऊन गेली होती.

गाणं संपलं. आत्याने फोन तसाच धरून ठेवला.

‘‘दादा असं विचारायचा?’’

‘‘हो.’’

‘‘रोज?’’

‘‘रोज. दिवसातून किती तरी वेळा.’’

‘‘मला कोणी सांगितलं नाही,’’ आत्या म्हणाली. खरं होतं ते. फोनवर मी तिला ‘ठीक आहेत, जेवले, झोपले’ एवढंच सांगायची. मग ती म्हणाली, ‘‘लहानपणी मी विचारायची त्याला. शाळेला सुट्टी कधी म्हणून. आज कौनसा वार आहे, दादा? तो चिडायचा.’’ इतक्या वर्षांत तिच्या मराठीत हिंदी अशी मधूनच येते. ‘‘परत लाव.’’

परत लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होती, भाजीवाल्याचा हिशेब तपासावा तशी. गुरुवारपाशी तिने हात वर केला.

‘‘थांब. इथे तू काय म्हणतेस? ऐकू येत नाही. बाजा फार आहे.’’

‘‘ड्रम, आत्याआजी.’’

‘‘ड्रम असो की ढोल. दादाचं म्हणणंच त्याच्याखाली गेलं. त्याचा आवाज वर पाहिजे.’’

लेक माझ्याकडे बघून हसायला लागली, मीही. आत्याला वाटलं आम्ही तिला हसतोय. तिला पर्लमनची गोष्ट नीट समजावून सांगेपर्यंत चहा आला, मातीच्या कुल्हडात, आणि मधल्या मधे लेक चार पायऱ्या खाली उतरून फोन लावत होती. पुण्यातल्या ड्रमरला. तो बहुतेक झोपेत होता.

‘‘अरे, ऐक ना,’’ ती मोठ्याने सांगत होती, ‘‘हार्मोनियमच्या गाण्याचं मिक्सिंग परत करू या. आवाज वर घ्यायचाय. नाही, माझा नाही... हो, पहिल्यापासून. गुरुवारचं कडवं आधी घे.’’